माझ्या सहीच्या वरच्या सह्या

लिनक्स कर्नलमध्ये आज एखादा दोष दुरुस्त झाला, की ती दुरुस्ती काही वर्षांपूर्वीच्या कर्नलवर चालणाऱ्या यंत्रांपर्यंत पोचवायची, हे माझं काम. राउटर, वैद्यकीय उपकरणं, कारखान्यातले कंट्रोलर, अशा ठिकाणी कर्नल दर वर्षी बदलत नाही. दुरुस्ती मात्र हवीच असते. ती ‘पॅच’च्या रूपात येते. कुठल्या फाइलमधल्या कुठल्या ओळी गेल्या आणि कुठल्या आल्या याची नोंद, तिच्या वर बदलाचं कारण सांगणारा मजकूर, आणि त्या मजकुराच्या तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या दोन-चार ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक ईमेल पत्ता. दुसऱ्याचा पॅच आपल्या ट्रीमध्ये, म्हणजे कोडच्या आपल्या प्रतीत, घेताना या ओळींचं काय करायचं, हा प्रश्न दिसायला छोटा आहे. मला मात्र त्याने इतकं शिकवलं, की त्यातलं थोडं लिहून ठेवावंसं वाटतं.

1. या ओळी आभाराच्या नाहीत, साक्षीच्या आहेत. हे नीट कळायला त्यांचा जन्म कसा झाला ते वाचावं लागलं. मार्च 2003 मध्ये एससीओ ग्रुप या अमेरिकी कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आमच्या हक्काचा युनिक्सचा कोड आयबीएमने लिनक्समध्ये घातला, असा तिचा आरोप होता आणि सुरुवातीची मागणी होती शंभर कोटी डॉलरची. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. पण त्याने लिनक्सच्या लोकांपुढे एक साधा प्रश्न ठेवला: ही ओळ इथे कुणामार्फत आली? मे 2004 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उपाय मांडला. ‘डेव्हलपर्स सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ नावाचं एक छोटं प्रतिज्ञापत्र, आणि ते मान्य असल्याची खूण म्हणून पॅचच्या तळाशी एक ओळ.

हे प्रतिज्ञापत्र एका पानातही मावतं. पहिलं कलम म्हणतं, हा कोड मी लिहिला आहे आणि तो देण्याचा मला हक्क आहे. दुसरं म्हणतं, हा आधीच्या कामावर आधारलेला आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे ते काम योग्य मुक्त परवान्याखाली आहे. तिसरं म्हणतं, हा मला दुसऱ्या कुणीतरी अशीच हमी देऊन दिला आणि मी त्यात बदल केलेला नाही. चौथं नोंदीबद्दल आहे, त्याकडे मी पुढे येईन. वकिलांची फौज, शिक्क्याचा कागद, कंपन्यांमधले करार यांतलं काहीही न आणता टोरवाल्ड्स यांनी जगभरातल्या अनोळखी माणसांच्या शब्दावर भिस्त ठेवली. ही व्यवस्था आजही चालते आहे. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते, तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात आणि प्रत्येक बदलाखाली कुणीतरी आपलं नाव लावून उभं असतं. मला याचं अजूनही आश्चर्य वाटतं.

2. सह्यांचा क्रम म्हणजे पॅचने केलेला प्रवास. सगळ्यात वर लिहिणाऱ्याची सही, तिच्याखाली ज्याने तो पॅच हातात घेऊन आपल्या ट्रीमध्ये लावला त्या मेंटेनरची, मग त्याच्या पुढच्याची. त्यामुळे सह्या वर्णानुक्रमाने लावणं, मोठ्या माणसाची सही वर नेणं, किंवा ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून दोन ओळींची अदलाबदल करणं, यातलं काहीही चालत नाही. मला गंमत वाटली ती आणखी एका गोष्टीची. टोरवाल्ड्स यांची सही बहुतेक पॅचवर सापडत नाही. मेंटेनरची आख्खी ब्रांच ते एकदम ओढून घेतात, सुटे पॅच क्वचितच स्वतः लावतात. आणि ज्याने पॅच स्वतः हाताळला नाही त्याने त्यावर सही करायची नाही. प्रकल्पाचा जनक असला तरी नाही. माझ्यासारखीने दूरच्या एखाद्या ट्रीमध्ये पॅच लावला, तर माझी ओळ सगळ्यात खाली येते. ती जागा मला आवडते. वरच्या सगळ्यांचं वाचून झालं आहे, असं ती सांगते.

3. नावं कुणी चोरत नाही, ती गळतात. आणि गळतात ती नेमकी अवघड पॅचमध्ये. हे समजायला हत्यारांकडे बघावं लागतं. ‘पॅच’ नावाची आज्ञा लॅरी वॉल यांनी 1985 मध्ये लिहिली. ही आज्ञा फरकाच्या वर असलेला सगळा मजकूर सोडून देते आणि फक्त ओळी बदलते. ते तिचं कामच आहे. पण त्या सोडून दिलेल्या मजकुरातच लेखकाचं नाव आणि सह्या असतात. मग आपण तो बदल कमिट करतो, म्हणजे इतिहासात नोंदवतो, आणि कोडचा इतिहास सांभाळणारं गिट निमूटपणे लेखक म्हणून आपलं नाव टाकतं. ‘गिट अप्लाय’चंही तेच. ‘गिट एएम’ मात्र ईमेलमधलं लेखकाचं नाव, तारीख, कारण आणि सह्या जशाच्या तशा ठेवतं. ‘गिट चेरी-पिक’ही लेखकाचं नाव जपतं, आणि त्याला ‘हायफन एक्स’ जोडलं तर मूळ कमिट कुठला, तेही संदेशात लिहून ठेवतं.

गिट एप्रिल 2005 मध्ये जन्माला आलं ते कर्नलच्याच गरजेतून, आणि म्हणूनच त्यात प्रत्येक कमिटला लेखक आणि कमिटर अशी दोन वेगळी नावं असतात. लिहिणारा एक, लावणारा दुसरा, ही गोष्ट त्याच्या रचनेतच धरलेली आहे. तरीही नावं गळतात, कारण जुन्या कर्नलवर पॅच सरळ बसत नाही. ‘गिट एएम’ अडतं, कॉन्फ्लिक्ट येतात, दुपार उलटून जाते, आणि शेवटी माणूस फाइल उघडून हातानेच ओळी बसवतो. इतकी झटापट झाल्यावर तो कोड आपलाच वाटू लागतो. तो ‘आपलेपणा’ खरा असतो, कष्टही खरे असतात, पण दोष शोधून त्यावरचा उपाय सुचलेला असतो तो दुसऱ्यालाच. त्या क्षणी थांबून कमिटवर मूळ लेखकाचं नाव घालणं हा माझ्या कामातला सगळ्यात शांतपणे करायचा भाग आहे, असं मी मानते.

4. बदललेल्या कोडखाली दुसऱ्याची सही ठेवायची, तर आपण काय बदललं ते सांगायलाच हवं. प्रतिज्ञापत्राचं तिसरं कलम ‘मी बदल केलेला नाही’ असं म्हणतं. मी एक ओळ जरी हलवली, तरी मी त्या कलमातून बाहेर पडते आणि दुसऱ्यात येते. मग वरची सही कशाची? मूळ लेखिकेने पाहिलेलाही नसलेला कोड तिच्या नावावर खपतो आणि उद्या त्यात बिघाड निघाला तर पत्र तिला जातं. कर्नलच्या नियमावलीने या प्रकाराला असभ्य म्हटलं आहे, आणि उपायही दिला आहे: आधीची शेवटची सही आणि आपली सही यांच्या मध्ये चौकटी कंसात आपला पत्ता आणि केलेला बदल एका ओळीत लिहायचा. ‘स्ट्रक्चर अमुक फाइलमधून तमुक फाइलमध्ये हलवलं’ एवढंच. लेखकाचं नाव मात्र कुठल्याही परिस्थितीत बदलायचं नाही.

हा नियम वाचताना मला एकनाथ आठवले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांच्या नकलांमध्ये भलते पाठ शिरले होते, ते त्यांनी काढले. आणि काम झाल्यावर ग्रंथाच्या शेवटी स्वतःच्या ओव्यांमध्ये शक घातला, काय केलं ते सांगितलं आणि पुढच्यांना बजावलं, की यात आपली भर घालू नका. ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला. शुद्ध कुणी केला तेही लपलं नाही. चौकटी कंसातली ती एक ओळ लिहिताना मला या परंपरेत उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही.

5. सगळ्याच ओळी जपायच्या नसतात. साइन-ऑफच्या शेजारी ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशाही ओळी असतात. कुणीतरी तो पॅच बारकाईने वाचला, कुणीतरी आपल्या यंत्रावर चालवून पाहिला. पॅच मुळातून बदलला, तर वाचलं ते वेगळं आणि चालवलं ते वेगळं होतं. अशा वेळी या ओळी काढायच्या आणि काढल्याचं सांगायचं, हेच प्रामाणिकपणाचं. साइन-ऑफ मात्र राहतं, कारण कोड त्या हातांतून आला, ही गोष्ट नंतरच्या कुठल्याही बदलाने खोटी होत नाही. आणि याचीच दुसरी बाजू: मूळ पॅचवर सही नसेल, तर ती आपण घालायची नाही. लेखक आपल्याला नावाने ठाऊक असो, त्याने तोंडी होकार दिलेला असो, त्याचा पत्ता समोर असो. दुसऱ्याची साक्ष आपण देऊ शकत नाही. त्याला पत्र लिहायचं आणि थांबायचं.

6. नावं गेली की दुरुस्त्याही जातात. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हे. चिप विकणाऱ्या कंपन्या आपल्या बोर्डासोबत कर्नलचा कोड देतात. असा एक कोड माझ्या टेबलावर आला होता, कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. सगळा कोड एका भल्यामोठ्या कमिटमध्ये होता. लेखक म्हणून कंपनीचाच एक पत्ता, संदेशात एक ओळ. मूळ कर्नलशी, म्हणजे अपस्ट्रीमशी, तो ताडून पाहिला, तर त्यात तिथल्या असंख्य दुरुस्त्या आधीच आणलेल्या होत्या. चांगल्या होत्या, निवडून आणलेल्या होत्या. पण कुठली कुठून आली, कुणी लिहिली, अर्धी आणली की पूर्ण, हे सांगणारं कुणी नव्हतं. ज्या इंजिनिअरने हे सगळं कष्टाने केलं असेल, त्याचंही नाव नव्हतं.

यात नुकसान कसं होतं ते सांगते. कर्नलमध्ये एखाद्या दुरुस्तीनेच नवा दोष आणला, तर पुढच्या दुरुस्तीच्या संदेशात ‘फिक्सेस’ या शब्दापुढे त्या जुन्या कमिटच्या हॅशची, म्हणजे ओळखक्रमांकाची, पहिली बारा अक्षरं लिहायची पद्धत आहे. आपल्या ट्रीमध्ये तो जुना कमिट आहे का, हे शोधलं की ही नवी दुरुस्ती आपल्याला लागते की नाही ते लगेच कळतं. पण पॅच जुन्या कर्नलवर आणला की त्याचा हॅश बदलतो. गिटमध्ये फरकाच्या मजकुरावरून ओळख काढणारी ‘पॅच-आयडी’ ही सोय आहे. आजूबाजूच्या ओळी बदलल्या की तीही जुळत नाही. उरते फक्त माणसाने लिहून ठेवलेली ओळ. म्हणूनच ग्रेग क्रोआ-हार्टमन वगैरे मंडळी सांभाळतात त्या स्थिर कर्नलमध्ये प्रत्येक बॅकपोर्टच्या, म्हणजे मागे आणलेल्या दुरुस्तीच्या, संदेशात अपस्ट्रीमचा पूर्ण हॅश असतो, त्याखाली मूळ सगळ्या सह्या, आणि त्यांच्याखाली आणणाऱ्याची. डेबियन या लिनक्स वितरणात पॅच फाइलच्या माथ्यावर उगम आणि लेखक लिहायची रीत आहे. उपकरणांसाठी लिनक्स बांधणाऱ्या योक्टो प्रकल्पात ‘अपस्ट्रीम-स्टेटस’ आणि साइन-ऑफ दोन्ही मागतात. हे सगळे नियम अशा माणसांनी केले आहेत, ज्यांना रात्री-अपरात्री ‘हा पॅच आपल्याकडे आहे का’ या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं असणार. माझ्या टेबलावरच्या त्या कोडमध्ये हे उत्तर नव्हतं. दोष आणणारा कमिट आत होता आणि त्याची दुरुस्ती बाहेर राहिली होती, अशी ठिकाणं एकेक ओळ वाचूनच सापडली.

असा कोड देणारे कधी कधी सांगतात, की खासगीपणा जपण्यासाठी नावं आणि पत्ते काढले. हेतूवर मी शंका घेत नाही. पण वर ज्या चौथ्या कलमाचा उल्लेख केला, ते याच्यासाठीच आहे. सही करणारा त्यात मान्य करतो, की हा प्रकल्प आणि हे योगदान सार्वजनिक आहे, त्याची नोंद सही आणि सोबतच्या वैयक्तिक माहितीसकट कायम ठेवली जाईल आणि परवान्याला धरून पुढेही वाटली जाईल. माणसाने समजून-उमजून दिलेलं नाव त्याच्याच भल्यासाठी पुसायचं, हे मला पटत नाही.

7. परवाना पाळला म्हणजे झालं, असं नाही. कर्नलचा परवाना, म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, सांगते, की हक्काच्या सूचना शाबूत ठेवा आणि बदललेल्या फाइलवर आपण बदल केल्याचं तारखेसकट ठळक लिहा. यातलं सगळं फाइलच्या आतलं आहे. साइन-ऑफ राहतं कमिटच्या संदेशात. त्यामुळे इतिहास टाकून नुसत्या फाइलींचा गठ्ठा देणारा परवान्याच्या अक्षराला धरून राहू शकतो आणि तरीही हजारो सह्या कचऱ्यात गेलेल्या असतात. कायद्याचा आधार कुठपर्यंत पोचतो, हे पाहायला अमेरिकेतला जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला वाचण्यासारखा आहे. खेळण्यातल्या रेल्वेचे डबे-इंजिनं चालवणाऱ्या जेएमआरआय या मुक्त सॉफ्टवेअरच्या फाइली दुसऱ्याने आपल्या विक्रीच्या उत्पादनात वापरल्या. लेखकांची नावं त्यात नव्हती, हक्काची सूचना नव्हती आणि मूळ फाइली कशा बदलल्या याचं वर्णनही नव्हतं. 2008 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, की अशा अटी या परवान्याच्या खऱ्याखुऱ्या अटी आहेत. फुकट वाटलेला कोड म्हणून त्या पोकळ ठरत नाहीत. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 लेखकाला आपलं लेखकपण सांगण्याचा हक्क देतं, आणि मालकी विकल्यावरही तो त्याच्याकडे राहतो. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हा फरक आपल्या कायद्याने इतक्या आधी ओळखला होता, याचा मला अभिमान वाटतो.

8. कल्पनेलाही नाव असतं, पण त्याची ओळ वेगळी. एप्रिल 2007 मध्ये इंगो मोलनार यांनी कर्नलसाठी नवा शेड्युलर मांडला. प्रोसेसरचा वेळ सगळ्यांना न्याय्य वाटण्याची ही दिशा चालू शकते, हे कॉन कोलिव्हास यांनी आपल्या कामातून सिद्ध केलं होतं, याचं श्रेय मोलनार यांनी त्या घोषणेतच दिलं. कोलिव्हास ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर, फावल्या वेळात कर्नल लिहिणारे. त्याच वर्षी ते कर्नलच्या कामातून बाहेर पडले. श्रेयाची ओळ आणि आपला कोड आत जाणं या दोन गोष्टींमधलं अंतर केवढं असतं, ते मला या प्रसंगाने दाखवलं. आज कर्नलमध्ये सुचवणाऱ्यासाठी ‘सजेस्टेड-बाय’ आहे, बरोबरीने लिहिणाऱ्यासाठी ‘को-डेव्हलप्ड-बाय’ आहे, आणि या दुसरीच्या लगेच खाली त्या माणसाची स्वतःची सही लागतेच. दुसऱ्याचा पॅच घेऊन मी तो जवळजवळ नव्याने लिहिला, तर यातलं काय लागू पडतं हे मी त्यालाच विचारते. बहुतेक जण उत्तर देतात, आणि त्या उत्तरांत कोडबद्दल हमखास काहीतरी शिकायला मिळतं.

9. सही दुरुस्त करायची नसते. आमच्याकडे लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांचे जुने पॅच माहेरच्या आडनावाने आहेत. कुणी म्हणतं, आता एकसारखं करून टाकू. पण इतिहासातली ओळ त्या दिवशीच्या माणसाची आहे. गिटमध्ये ‘मेलमॅप’ नावाची फाइल त्यासाठीच असते: जुनं नाव आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं, एवढं तिच्यात लिहायचं. मोजणी एकत्र होते आणि जुनी सही जागच्या जागी राहते. त्या फाइलीत काय लिहायचं आणि लिहायचं का, हे मात्र ज्या व्यक्तीचं नाव आहे तिनेच ठरवायचं.

10. आपल्याकडे पुण्या-मुंबईतच काय, नाशिक-कोल्हापूरच्या महाविद्यालयांतूनही मुलंमुली आता कर्नलमध्ये पॅच पाठवतात. एखाद्या ड्रायव्हरमधली चार ओळींची दुरुस्ती, मेंटेनरने दोनदा परत पाठवलेली, तिसऱ्यांदा स्वीकारलेली. त्या कामाचा कुणी पगार देत नाही. त्यांच्या हाती येते ती तळाशी असलेली एक ओळ, आणि तिच्या बळावर ती मुलाखतीला जातात. तो पॅच उद्या तुमच्या उत्पादनात येईल, आणि ती ओळ तुमच्या ट्रीमध्ये टिकते की नाही, हे पॅच लावणाऱ्या तुमच्यातल्याच कुणाच्या तरी हातात असेल.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या ट्रीमध्ये नावाविना पडलेला पॅच दिसला, तर पुढचं काम हाती घेण्याआधी थोडा वेळ काढा, त्याचा मूळ कमिट शोधा, हॅश आणि वरच्या सगळ्या सह्या संदेशात परत आणा, काय बदललं ते कंसात लिहा, आणि मग सगळ्यात खाली आपलं नाव घाला.